हनिमूनचं पॅकेज आणि बॅगेतली वही

या महिन्याचं टपाल (आता टपाल कसलं, ईमेल आणि व्हॉट्सॲपच) उघडलं तर बाली, बाली आणि बाली. तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडचे मांडव उभे राहतात आणि पंधरा दिवसांत विमानतळावर हिरव्या चुड्यातल्या मुली आणि करकरीत नव्या ट्रॉली बॅगा. पण यावेळच्या पत्रांत हॉटेल कुठलं घेऊ, शाकाहारी मिळतं का, हे फारसं नव्हतंच. चित्रं काढणारे, कविता करणारे, वाजवणारे, शिवणारे असे सगळे विचारतायत की तिकडे जाऊन आपल्याला काही सुचेल का, आणि सुचलं तर जोडीदार चिडेल का. म्हणून एकत्रच घेते.

प्रश्न : ताई नमस्कार. मी सांगलीची, वय 27, लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते आणि बाकी वेळ लग्नपत्रिका डिझाइन करते, खरं तर घरखर्च पत्रिकांवरच चालतो. डिसेंबरमध्ये माझंच लग्न आहे आणि लगेच बाली, सहा रात्री सात दिवस. वर्षभर तोच गणपती तीच सनई तेच केळीचे खांब काढून डोकं बधिर झालंय, त्यामुळे वाटतंय की तिकडे तरी काही नवीन मिळेल. पण होणारा नवरा (बँकेत आहे, स्वभावाने चांगलाय) म्हणतो, हनिमूनला पण काम करणार का तू? पॅकेज त्याच्या मित्राने सुचवलेलं, पहिल्या दिवसापासून भरगच्च, वॉटर स्पोर्ट्स, नुसा पेनिडा बेट, झोपाळे, पाण्यात तरंगत येणारा फ्लोटिंग ब्रेकफास्ट, सगळं. मी वही घेऊन बसले तर तो बिचारा काय करणार? आणि नाही बसले तर मला रुखरुख लागून राहणार. काय करू? – मृ., सांगली

उत्तर : अगं मृ., हा पेच काही नवा नाही. मिगेल कोवारुबियास नावाचा मेक्सिकन चित्रकार होता, न्यूयॉर्कच्या मासिकांत व्यंगचित्रं काढून नाव कमावलेला. त्याने 1930 मध्ये रोझाशी लग्न केलं आणि दोघं हनिमूनला गेले ते थेट बालीला, तेही बोटीने. रोझा मूळची नर्तकी, पण तिकडे तिच्या हातात कॅमेरा होता. दोघं तिथल्या देनपसार शहरात एका घराच्या आवारात राहिले, बाजारात हिंडले, रात्र रात्र नाच बघितले, भाषा शिकले आणि परत गेले. मग 1933 मध्ये शिष्यवृत्ती मिळवून पुन्हा आले, आणि 1937 मध्ये पुस्तक निघालं, मजकूर आणि चित्रं त्याची, फोटो तिचे. बालीवरचं ते पुस्तक आजही लोक वाचतात.

हे सांगायचं कारण असं की त्यांच्यात कुणी नुसतं सोबतीला आलेलं नव्हतं, त्याचं काम त्याला होतं आणि तिचं तिला. आणि दुसरं म्हणजे हनिमून 1930 ला आणि पुस्तक 1937 ला, तेव्हा सात दिवसांत सगळं वहीत उतरवायचा हट्ट तू धरू नकोस.

आता तुझं पॅकेज. मी त्यातल्या कशालाच नावं ठेवत नाही, झोपाळ्यावर बस, फोटो काढ, फ्लोटिंग ब्रेकफास्टपण कर (चहा गार होतो आणि टोस्ट ओला होतो हे कुणी रीलमध्ये सांगत नाही, मी सांगते). पण तू पाठवलेली इटिनररी मी दोनदा वाचली आणि त्यात एकही जागा अशी नाही जिथे कुणीतरी काहीतरी बनवताना तुला दिसेल. सगळं तयार झालेलं बघायचं, त्यासमोर उभं राहायचं आणि गाडीत बसायचं. तयार वस्तू बघून आपण फार तर 'वा' म्हणतो. सुचायला लागतं ते हात चालताना बघितले की. माझं एवढंच म्हणणं आहे, बाकीचं सगळं त्याचीच अंमलबजावणी.

तर पहिली गोष्ट, एजंटला सांगून उबुदच्या (समुद्रापासून आत, कलाकारांचं गाव) रात्री वाढवून घे. बहुतेक पॅकेजमध्ये उबुद हा दिवसभराचा कार्यक्रम असतो, समुद्राकडच्या हॉटेलातून सकाळी निघायचं आणि ट्रॅफिकमध्ये अर्धा दिवस घालवायचा. त्यापेक्षा तीन रात्री तिथेच राहा, आणि त्यातली एक तरी रात्र रिसॉर्ट सोडून होमस्टेमध्ये. उबुदचे खूपसे होमस्टे म्हणजे राहती घरं असतात, एका भिंतीच्या आत वेगवेगळ्या खोल्या, मधे अंगण, कोपऱ्यात घरचं देऊळ, आजी आजोबा, सुना, नातवंडं, कोंबडे. त्या अंगणात सकाळी नुसती बसलीस तरी पुरे.

काय दिसेल ते सांगते. घरातली बाई माडाच्या कोवळ्या पानांच्या पिवळसर पट्ट्या घेऊन बसलेली असते. पट्टी दुमडते, बांबूची बारीक काडी खोचते, उरलेलं टोक मोडून टाकते, पुन्हा दुमडते, की झाली तळहाताएवढी चौकोनी परडी. आपल्याकडे पळसाची पानं काडीने टाचून पत्रावळी लावायचे ना, तसाच हात, तोच 'कट्' आवाज. मग त्यात फुलं, आणि ती कशीही नाहीत, पूर्वेला पांढरी, दक्षिणेला लाल, पश्चिमेला पिवळी, उत्तरेला निळी किंवा हिरवी, आणि प्रत्येक दिशेला एकेक देव, ईश्वर, ब्रह्मा, महादेव, विष्णू. वर थोडा भात किंवा एखादं बिस्किट, कधी एखादं नाणं, उदबत्ती, पाण्याचे दोन शिंतोडे. याला चानांग सारी म्हणतात. ही परडी दारात, दुकानाच्या पायरीवर, स्कूटरच्या सीटवर, टॅक्सीच्या डॅशबोर्डवर, सगळीकडे ठेवतात आणि दुपारपर्यंत कोंबड्या आणि मुंग्या ती खाऊन टाकतात, आणि उद्या सकाळी पुन्हा नवीन. मी गेले होते तेव्हा अशाच एका बाईशेजारी बसून विचारलं की शिकवाल का, तर तिने हसून काडी हातात दिली, मी केलेली परडी तिरकी झाली, तिने ती न बोलता सरळ केली आणि ढिगात टाकली. तुझ्यासारख्या पत्रिका करणाऱ्या मुलीला एका तळहातात रंगांची अशी पक्की मांडणी बघायला मिळणं म्हणजे लॉटरी आहे गं. केळीचे खांब काढून कंटाळलीस ना, मग चार रंग चार दिशांना बांधून घे आणि त्यात बसव बघू पत्रिका.

दुसरं, चित्रकारांची गावं. उबुदच्या दक्षिणेला बातुआन आहे. तिथली चित्रं इंचभरही रिकामी जागा न सोडता भरलेली, गर्द, जरा भीतिदायकसुद्धा, झाडांच्या पानापानांतून डोळे बघतायत असं वाटतं. आधी पेन्सिल, मग शाईच्या रेषा, मग पातळ केलेल्या काळ्या शाईचे थरावर थर, आणि रंग सगळ्यात शेवटी. घरातच स्टुडिओ असतात, जाऊन बसलं तर हाकलत नाहीत, फक्त अर्धा तास बसून काहीच न घेता उठायला आपल्यालाच कसंतरी होतं, त्यामुळे एखादं छोटं चित्र घ्यायचं बजेट ठेव. जमलं तर अजून पुढे क्लुंगकुंगला जा, तिथे जुना न्यायमंडप आहे, केर्ता गोसा, त्याच्या छताला आतून चित्रंच चित्रं. जवळच कामासान गाव, तिथल्या शैलीत काढलेली, चेहरे तिरके, छाया-बाहुल्यांसारखे. विषय कुठला, तर भीम वडिलांना आणि सावत्र आईला, म्हणजे पंडू आणि माद्रीला, नरकातून सोडवायला जातो. आणि सगळ्यात खालच्या ओळीत आपल्या पंचतंत्रातून तिकडे पोचलेल्या गोष्टी. मान दुखेपर्यंत वर बघ.

आणि इथे मला एक आगाऊ सल्ला द्यायचाय. ते तिरके चेहरे बघून तुला पिंगुळी आठवली पाहिजे. कुडाळजवळचं पिंगुळी, तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला) आणि चामड्याच्या बाहुल्या, ज्यासाठी परशुराम गंगावणेंना 2021 ची पद्मश्री मिळाली. बालीतही चामड्याच्याच बाहुल्या, त्यांच्याही मागे दिवा, त्यांचंही रामायण-महाभारतच. सांगलीहून पिंगुळी किती लांब आहे? गेली आहेस कधी? नसशील तर बालीहून आल्यावर जा, म्हणजे दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून बघता येतील, आणि मग जी पत्रिका निघेल ती बालीची नक्कल नसेल.

आता व्यवहाराचं बोलू. डिसेंबर हा तिकडचा पावसाळा. आपला लग्नाचा सीझन आणि त्यांचा पाऊस नेमका एकत्र येतो, एजंट हे हळूच सांगतो. रोज दिवसभर नाही पडत, पण हवा एवढी दमट की वॉटरकलर वाळतच नाही, कागद फुगतो, रंग पसरतो आणि मग चिडचिड. पेन्सिल, साधं बॉलपेन आणि एक-दोन रंगीत पेन्सिली एवढंच ने, वही लहान आणि जाड पुठ्ठ्याची, झिपच्या पिशवीत. रंगांची पेटी घरी ठेव, नवऱ्यालाही बरं वाटेल. आणि पहाटे उठून काम करीन असं ठरवलं असशील तर ऐक, तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, म्हणजे तिथे सकाळचे सहा तेव्हा तुझ्या अंगाला रात्रीचे साडेतीन. पहिले दोन दिवस काही जमणार नाही, झोप निवांत.

नवऱ्याचं काय? त्याला विचार ना, त्याला काय आवडतं. बँकेत आहे हे तू लिहिलंस, पण त्याला कशाची आवड आहे हे लिहिलं नाहीस, बहुतेक विचारलंच नसशील (अरेंज मॅरेज असेल तर नवल नाही). खाण्याची आवड असेल तर उबुदमध्ये सकाळी बाजारात नेऊन मग रांधायला शिकवणारे कितीतरी क्लास आहेत, तो दगडी पाट्यावर मसाला वाटत बसेल आणि तू वाटणाऱ्याचा हात काढशील. गॅजेट्सची आवड असेल तर आवाज रेकॉर्ड करायला सांग, बेडूक, कोंबडे, देवळातली वाद्यं. आणि दोघांनी मिळून करायचं असेल तर चेलुक. चांदीकामाचं गाव आहे, तिथे आणि उबुदमध्येही चांदीची तार, हातोडी, बर्नर हातात देऊन दोन-तीन तासांत अंगठी करायला शिकवतात. तू त्याची कर, तो तुझी करील. वेडीवाकडी होईल, पण 'हनिमूनला पण काम करणार का' हे वाक्य तो परत बोलणार नाही, कारण सगळ्यात जास्त वेळ तोच त्या अंगठीला घासत बसलेला असेल. बँकेतले लोक असल्या बाबतीत फार काटेकोर असतात, माझ्या घरात एक आहेत.

वहीला दिवसातला एक ठरलेला तास दे, बाकी वेळ ती बॅगेत. आणि जाण्याआधी इन्स्टावर 'बाली सीरिज लवकरच' असलं काही टाकून ठेवू नकोस, मग तो तास कामाचा होतो आणि नवऱ्याचं म्हणणं खरं ठरतं.

प्रश्न : मी कविता करतो. फेब्रुवारीत लग्न झालं, बालीला जाऊन आलो, फोनमध्ये हजारावर फोटो आहेत, लेम्पुयांग देवळाच्या त्या दरवाजात तलावाचा फोटो काढायला तीन तास रांगेत उभे राहिलो आणि तिथे तलावच नाही! फोनखाली आरसा धरतात. परत आल्यापासून एक ओळ सुचलेली नाही. बायको म्हणते तुझ्यासाठी एवढं फिरलो आणि तू कोराच. – अ., नागपूर

उत्तर : आरशाचं वाचून खूप हसले, माफ कर. पण अरे, विषय तर तिथेच आहे ना! तीन तास रांग, पुढचं जोडपं उडी मारतंय, मागचं जोडपं भांडतंय, एक माणूस दिवसभर फोनखाली आरसा धरून बसलाय, त्याच्या हातालाही रग लागत असेल. आणि तू तलाव नाही म्हणून खट्टू.

फोटोंबद्दल मात्र एक ऐक. मार्गारेट मीड आणि ग्रेगरी बेटसन हे मानववंशशास्त्रज्ञ जोडपं, 1936 मध्ये सिंगापूरला लग्न केलं आणि तिथून तडक बालीत कामाला लागले, म्हणजे त्यांचा हनिमून आणि फील्डवर्क एकच म्हण. पंचवीस हजारांच्या आसपास फोटो काढले त्यांनी, तुझ्या कितीतरी पट. पण तो कॅमेरा चालवायचा तेव्हा ती शेजारी बसून लिहायची, किती वाजले, कोण काय करतंय, मूल का रडलं. म्हणून ते फोटो नंतर कामाला आले. तुझ्या हजार फोटोंशेजारी एक शब्द नाही. आता तरी बायकोबरोबर बस, वीसच फोटो निवड आणि प्रत्येकाला विचार की त्यावेळी वास कसला होता, कोण काय बोललं, आपण कशावरून भांडत होतो. तिला तुझ्यापेक्षा जास्त आठवेल. ते तिच्याच शब्दांत लिहून घे, सुधारू नकोस. कविता त्यातून येईल की नाही माहीत नाही, पण तू कोरा आहेस हा आरोप निघून जाईल.

प्रश्न : नमस्कार, माझं कोल्हापुरात छोटं बुटिक आहे, ब्लाऊज आणि कुर्त्यांचं. हनिमूनला बालीत खूप सुंदर कापडं बघितली, फोटो आणलेत. त्यातली नक्षी छापून कलेक्शन काढू का? मैत्रीण म्हणते ही चोरी आहे, नवरा म्हणतो सगळेच करतात. – स., कोल्हापूर

उत्तर : सगळेच करतात हे खरं, पण कोल्हापुरी चपलांची कुणी नक्कल केली की आपण किती तावातावाने बोलतो तेही आठव. म्हणून मधला रस्ता सांगते, आणि त्यासाठी आधी तू काय आणलंयस ते बघायला हवं.

तुझ्या फोटोंत काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं कापड आहे ते पोलेंग. ते तिथे झाडांना, देवळातल्या मूर्तींना, द्वारपालांना गुंडाळतात. चौकडा जगात सगळीकडे आहे, तो काही कुणा एकाचा नाही, तू काळा-पांढरा चौकडा वापरलास तर कुणी अडवणार नाही, पण टॅगवर 'बालीचा पवित्र पॅटर्न' असलं लिहून तो कुर्त्याच्या खाली पायाशी लावू नकोस एवढंच.

दुसरं जे लालसर, मळकट पांढरं, गडद कापड आहे ते गेरिंगसिंग, पूर्वेकडच्या तेंगानान गावातलं. त्याला मी अजिबात हात लावू देणार नाही. कारण सांगते. ताणा आणि बाणा, म्हणजे उभी आणि आडवी, दोन्ही सुतं विणायच्या आधीच ठिकठिकाणी बांधून रंगवायची आणि विणताना एकावर एक बरोबर बसवायची, हा प्रकार डबल इकतचा. इंडोनेशियात तो फक्त या एका गावात होतो. आपल्याकडे पाटणचा पटोळा आहे तो याच जातीचा, आणि गुजरातचे पटोळे व्यापाऱ्यांनी शतकानुशतकं त्या बेटांवर नेलेले आहेत, तिथल्या राजघराण्यांत जपून ठेवायचे. गेरिंगसिंगचा लाल रंग बारतोंडीच्या जातीच्या झाडाच्या मुळीचा, आणि रंगवून, मुरवून, विणून एक कापड पुरं व्हायला वर्षं जातात. ते अंगावर असलं की रोगराई, इडापिडा लागत नाही अशी तिथल्यांची श्रद्धा, विधींनाच वापरतात. आणि आपण ते डिजिटल प्रिंट करून सहाशे रुपयाचा कुर्ता काढायचा? नको गं.

मग घ्यायचं काय, तर पद्धत घे. बांधून रंगवल्यामुळे नक्षीची कड जरा थरथरलेली दिसते ना, ती कड तुला आवडलीय हे तुझ्या फोटोंवरून कळतंय, तू सगळे फोटो कडेचेच काढलेस. मग इकत करणारे विणकर आपल्या देशात आहेत, पोचमपल्लीत आहेत, ओडिशात आहेत, त्यांच्याकडून कापड घे आणि तुझा कट लाव. बालीचंच काही दुकानात ठेवायचं असेल तर तिथल्या विणकराकडून विकत आण, त्याचं गाव टॅगवर लिही, आणि जास्त किमतीला वीक. कोल्हापूरचं गिऱ्हाईक घासाघीस करतं पण खरं काम ओळखतं.

प्रश्न : मी तबला वाजवतो, बायको गाते. आम्हाला दोघांना ते घंटांसारखं संगीत ऐकायचंय. नुसतं हॉटेलच्या डिनर शोमध्ये ऐकून काही कळेल का? – नि., डोंबिवली

उत्तर : डिनर शोमध्ये कळणार नाही, तिथे लोक सतेच्या (काडीला लावून भाजलेल्या मांसाच्या) काड्या मोजत असतात. गामेलान, म्हणजे तिथला घंटा आणि काशाच्या वाद्यांचा ताफा, ऐकायचा तर उबुदमध्ये रोज संध्याकाळी कुठे ना कुठे नाचाचे कार्यक्रम असतात, तिकीट काढून वाद्यांच्या बाजूला बसायची जागा धरा. नाच दिसला नाही तरी चालेल.

दोन गोष्टींकडे कान ठेवा. एक, काशाच्या पट्ट्यांची वाद्यं जोडीने असतात आणि जोडीतलं एक मुद्दाम किंचित चढं लावलेलं. आपण तानपुरा जुळवताना जो फरक घालवायला धडपडतो तो ते जपून ठेवतात, त्यामुळे सूर एका जागी उभा न राहता थरथरतो. तुमच्या बायकोला पहिल्या पाच मिनिटांत बेसूर वाटेल, थोडं थांबायला सांगा. दुसरी गोष्ट तुमच्यासाठी, कोतेकान. एकच जलद धून दोघांत वाटून घेतात, एकाचे ठोके जिथे नाहीत तिथे दुसऱ्याचे, एकेकट्याने वाजवलं तर अर्धवट ऐकू येतं आणि एकत्र वाजलं की एका माणसाच्या हाताला झेपणार नाही अशी लय. उबुदमध्ये नवशिक्यांना हे शिकवतात. तुम्ही दोघांनी समोरासमोर बसून हे करून बघा, तबलजी माणूस दुसऱ्यासाठी जागा सोडायला कितपत तयार असतो ते बायकोला लग्नाच्या पहिल्याच महिन्यात कळेल.

आणि केचक चुकवू नका, वाद्य एकही नाही, पुरुषांचा मोठा घोळका गोल बसून 'चक चक' करत रामायण उभं करतो. समुद्राकाठच्या उलुवातू देवळाच्या कड्यावर सूर्यास्ताला असतो. फार प्राचीन वगैरे सांगतात गाइड, पण आजच्या रूपात तो 1930 च्या दशकात बसवला गेला, तिथले नर्तक आणि वॉल्टर स्पीस नावाचा जर्मन चित्रकार यांनी मिळून. त्याने मजा कमी होत नाही. गॉगल मात्र सांभाळा, उलुवातूची माकडं चेहऱ्यावरून ओढून नेतात.

प्रश्न : माझी सून लिहिते, कथा वगैरे. मुलगा-सून बालीला गेले होते, एवढे पैसे खर्चून दोन दिवस म्हणे एका लाकूडकाम करणाऱ्याच्या ओसरीवर बसून राहिले. समुद्राचा एक फोटो नाही! नातेवाइकांना काय दाखवू? – एक सासूबाई, ठाणे

उत्तर : काकू, समुद्र ठाण्याहून जवळच आहे. त्या लाकूडकामवाल्याचे फोटो मागा, आणि सुनेला विचारा तो काय कोरत होता.

प्रश्न : ताई, मार्चमध्ये हॉटेल स्वस्त मिळालं म्हणून बुकिंग केलं आणि आता हॉटेलवाले कळवतायत की मधे एक दिवस खोलीबाहेर, म्हणजे गेटबाहेर पडता येणार नाही. हा काय प्रकार? मी कॅलिग्राफी करते, मला तिथली जुनी पोथ्यांची लिपी बघायची होती, एक दिवस फुकट जाणार. – रा., पुणे

उत्तर : फुकट नाही जाणार, तो न्येपी आहे, त्यांचं नवीन वर्ष. तेही शकच मानतात, आपल्यासारखंच, आणि न्येपी येतो साधारण गुढीपाडव्याच्या सुमारास, एखाद्या वर्षी महिनाभर आधी. पण साजरा अगदी उलटा, चोवीस तास दिवे नाहीत, काम नाही, प्रवास नाही, रस्त्यावर चिटपाखरू नाही. विमानतळसुद्धा बंद. मोबाइलचं इंटरनेटही बंद करतात, त्यामुळे रील टाकायचा प्रश्नच मिटला. हॉटेलच्या आवारात फिरता येतं, जेवण मिळतं.

तू मात्र आदल्या संध्याकाळकडे लक्ष ठेव. ओगोह-ओगोह नावाचे राक्षसांचे प्रचंड पुतळे बांबूच्या सांगाड्यावर खांद्यावरून मिरवतात, आणि प्रत्येक मोहल्ल्यातली पोरं ते आधी कित्येक आठवडे बनवत असतात, आपल्या गणपतीच्या मंडळांसारखीच रात्री जागून. दोन-तीन दिवस आधी पोचलीस तर गल्लीतल्या मांडवात ते रंगवताना दिसतील, जाऊन उभी राहा, कुणी काही म्हणत नाही.

लिपीसाठी ताडपत्रं बघ, लोंतार म्हणतात. अणकुचीदार लहान सुरीने पानावर अक्षरं कोरतात, मग काजळी चोळतात आणि पुसतात, की कोरलेल्या रेषेत काळं राहतं. तेंगानानला आणि आणखी काही ठिकाणी कारागीर समोर कोरून दाखवतात, तुझं नावसुद्धा बाली लिपीत लिहून देतात, ते घेच, पण सुरी धरायची कशी ते आधी विचार, कारण आपल्या बोरूसारखी ती धरत नाहीत. सरस्वतीपूजेचा दिवस तिथे दर 210 दिवसांनी येतो, त्या दिवशी आपल्या दसऱ्यासारखीच पोथ्यापुस्तकांची पूजा, आणि त्या दिवशी वाचायचं-लिहायचं नाही. तुझ्या तारखांत तो येतोय का बघून घे, नाहीतर कारागीर हसून नाही म्हणेल.

बाकी न्येपीच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत खाऊ, पाण्याच्या बाटल्या आणि रोख पैसे घेऊन ठेव, दुकानं लवकर बंद होतात. आणि परतीचं विमान नेमकं त्याच तारखेचं नाही ना, हे आजच तपास.